ऋतु, ज्वर आणि लिव्हरपूलचे दहा धर्मगुरु

ज्युबिलीचें वर्ष आलें म्हणजे मनुष्य सहजच मागें वळून पाहतो. पायाचा दगड कधीं बसला, घंटा कधीं चढली, पहिला बाप्तिस्मा कोणाचा झाला, हें आपण कौतुकानें वाचतों. परंतु प्रत्येक धर्मग्रामाच्या कपाटांत आणखी एक वही असते, आणि ती उघडण्याची उत्सुकता सहसा कोणास नसते. ती मृतांची वही होय. जुन्या काळची अशी कोणतीहि वही चाळली तर एक गोष्ट ध्यानांत येते. मृत्यु वर्षभर सारखा विखुरलेला नसतो. कांहीं महिन्यांचीं पानें झरझर उलटतात. कांहीं महिन्यांत मात्र एकाच घरचीं तीन तीन नांवें एकाखालीं एक येतात. म्हाताऱ्या माणसांस विचारावें तर एकच उत्तर मिळतें: "त्या सालची हवाच वाईट होती."

हें उत्तर कितपत खरें आहे? हवा माणसाला मारते काय? ऋतूंचे फेरे परमेश्वरानें नेमून दिलेले आहेत. तेव्हां त्या फेऱ्यांत जीं माणसें मेलीं तीं केवळ त्याच्या इच्छेनेंच मेलीं, असें म्हणून आपणांस स्वस्थ बसतां येईल काय? प्रश्न साधा दिसला तरी त्यांत आपल्या सदसद्विवेकबुद्धीची कसोटी आहे. या प्रश्नाचा विचार आंकडे मांडून ज्या देशांत झाला तो देश म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळचें इंग्लंड, आणि ज्या शहरांत त्याचें उत्तर सर्वांत कठोरपणें मिळालें तें शहर म्हणजे लिव्हरपूल. तेथील एका वर्षाच्या कथेंत आपल्या पंथाच्या दहा धर्मगुरूंचें मरण गुंतलेलें आहे. म्हणून ज्युबिलीच्या या पुस्तिकेंत ती कथा सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं, अशी आशा आहे.

लिव्हरपूल हें मर्सी नदीच्या मुखाशीं वसलेलें बंदर. १८४१ च्या खानेसुमारींत तेथील वस्ती सुमारें २,८६,००० होती. पुढील दहा वर्षांत ती ३,७६,००० वर गेली. कापूस, साखर, लाकूड यांच्या व्यापारानें शहरांत संपत्ति वाहत होती, आणि गोदीच्या पाठीमागें, हांकेच्या अंतरावर, तो व्यापार ज्यांच्या खांद्यांवरून चाले तीं माणसें राहत होतीं. त्यांच्या वस्तीस तेथें 'कोर्ट' म्हणत. मुंबईच्या चाळी पाहिलेल्या वाचकांस कल्पना येईल. पण चाळीला निदान सज्जा तरी असतो. कोर्ट म्हणजे रस्त्यापासून आंत गेलेली बोळवजा जागा; दोन्ही बाजूंस तीन मजली घरांच्या रांगा, मध्यें नऊ ते पंधरा फुटांचें अंतर, शेवट बहुधा भिंतीनें बंद, आणि सर्वांना मिळून एखादें शौचकूप. याहूनहि हीन स्थिति तळघरांतून होती. रस्त्याच्या पातळीखालीं दहा-बारा फूट औरस-चौरस खोली, कांहीं ठिकाणीं उंची सहा फुटांहूनहि कमी, आणि कित्येक ठिकाणीं खालीं फरशीऐवजीं नुसती ओली माती. अशा तळघरांतून वीस हजारांहून अधिक माणसें राहत होतीं.

याचा परिणाम काय झाला हें एडविन चॅडविक यांनीं १८४२ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालावरून कळतें. लिव्हरपुलांत सुखवस्तु वर्गांतील मृतांचें सरासरी वय ३५, व्यापाऱ्यांचें २२ आणि मजुरांचें अवघें १५ होतें. मजूर पंधराव्या वर्षीं मरत असा याचा अर्थ नव्हे. त्यांचीं तान्हीं मुलें इतकीं मरत कीं सरासरी तेथवर खालीं येई. मृत्युसंख्येचे गाढे अभ्यासक डॉ. विल्यम फार यांनीं त्याच सुमारास गणित केलें, त्यांत सरे परगण्यांत जन्मलेल्या बालकाचें अपेक्षित आयुष्य सुमारें ४५ वर्षें आलें आणि लिव्हरपुलांत जन्मलेल्याचें सुमारें २६. दोन्ही ठिकाणें एकाच देशांतलीं. दोहोंवर तेंच आभाळ, तोच हिंवाळा आणि तोच उन्हाळा. वाचकांनीं हे दोन आंकडे मनांत ठेवावे.

आतां ऋतूंकडे वळूं. इंग्लंडांत जुलै १८३७ पासून प्रत्येक मृत्यूची सरकारी नोंद होऊं लागली, आणि मोठ्या शहरांत कोण कशानें मेलें याचे तक्ते बनूं लागले. अलेक्झांडर बकन आणि आर्थर मिचेल या दोघां स्कॉटिश विद्वानांनीं लंडनच्या १८४५ ते १८७४ या तीस वर्षांच्या मृत्यूंची आठवडेवार मांडणी केली, तेव्हां प्रत्येक रोगाला जणूं स्वतःचें पंचांग आहे असें दिसून आलें. कडाक्याच्या थंडींत फुप्फुसाचे रोग, म्हणजे न्युमोनिया आणि श्वासनलिकेचा दाह, म्हाताऱ्यांस आणि तान्ह्यांस घेऊन जात. डांग्या खोकला वसंताच्या तोंडीं वाढे. उन्हाळा ऐन भरांत आला म्हणजे हगवणीनें बालकें दगावत. पानगळीच्या दिवसांत लाल पुरळाच्या स्कार्लेट ज्वराची पाळी येई. टायफस नांवाचा ज्वर, ज्याची ही मुख्य कथा आहे, तो थंडीचा आणि थंडीच्या शेवटाचा सोबती होता.

हें पंचांग खरें होतें. म्हणून 'हवाच वाईट' असें म्हणणारा म्हातारा अगदींच चुकत नव्हता. परंतु पंचांग तिथि सांगतें. त्या तिथीला घरांत काय घडावें हें तें ठरवीत नाहीं. याची प्रचीति १८४७ सालीं आली.

त्या वर्षाच्या अनर्थाचें मूळ खरोखरच हवेंत होतें. आयर्लंडांतील गरीब शेतकरी बटाट्यावर जगत असे. १८४५ मध्यें बटाट्यावर करपा पडला. ही एक प्रकारची बुरशी; थंड, ओलसर, पावसाळी हवा तिला मानवते, आणि तशी हवा मिळतांच पाहतां पाहतां शेतेंच्या शेतें काळीं पडून कुजलीं. १८४६ मध्यें पीक जवळजवळ सर्वस्वीं बुडालें, आणि त्याच्या पाठोपाठ १८४६-४७ चा हिंवाळा असाधारण कडक आला. खावयास अन्न नाहीं, जाळावयास सरपण नाहीं, अंगावरचे कपडे गहाण पडलेले. भाडें थकलें म्हणून घरांतून काढलेलीं कुटुंबें किनाऱ्याकडे निघालीं, आणि समुद्रापलीकडचें सर्वांत जवळचें मोठें बंदर लिव्हरपूल होतें. १८४७ या एका वर्षांत तेथें सुमारें तीन लक्ष आयरिश माणसें उतरलीं. कांहीं पुढें अमेरिकेस गेलीं, कांहीं कामापुरतीं येऊन परतलीं. पण लाखाहून अधिक माणसें अगदीं निष्कांचन होतीं. शहराची वस्ती तीन लाखांच्या आसपास आणि आलेले तितकेच, हें प्रमाण मनांत आणावें.

हीं माणसें गेलीं कोठें? जेथें आधींच जागा नव्हती तेथेंच, म्हणजे कोर्टांत आणि तळघरांत. अंगावरचा एकच जोड, तो रात्रंदिवस अंगावरच. ऊब मिळावी म्हणून एका खोलींत दहा-पंधरा माणसें एकमेकांस चिकटून निजत. धुण्यास पाणी नाहीं आणि वाळेपर्यंत घालण्यास दुसरें वस्त्र नाहीं. टायफसला याहून अनुकूल भूमि कोणती? तीव्र डोकेदुखी, अंगावर पुरळ, भ्रम, आणि दोन आठवड्यांच्या आंत मृत्यु किंवा उतार, असा त्याचा क्रम असे. त्या एका वर्षांत लिव्हरपुलांत ज्वरानें पांच हजारांहून अधिक माणसें मेलीं. हगवण व आंव यांनीं मेलेलीं आणखी दोन हजारांवर. दवाखाने भरले, रोग्यांसाठीं छपऱ्या उभ्या केल्या, आणि शेवटीं मर्सी नदींत जुनीं जहाजें नांगरून त्यांवर रोगी ठेवण्याची पाळी आली.

येथें पंचांगाचा नियम मोडला, आणि तो कसा मोडला हें पाहण्यासारखें आहे. टायफस थंडीबरोबर ओसरावा, ही रीत. ऊन पडतें, खिडक्या उघडतात, माणसें बाहेर येतात, कपडे धुतले जातात, आणि साथ मंदावते. १८४७ मध्यें वसंत आला, उन्हाळा आला, तरी साथ ओसरली नाहीं. बोटी येतच होत्या, तळघरें भरतच होतीं. या गोष्टीचा पुरावा आपल्या धर्मगुरूंच्या मृत्यूच्या तारखांतच कोरलेला आहे.

इंग्लंडांत कॅथलिकांना नागरिकत्वाचे बहुतेक हक्क मिळून त्या वेळीं अठराच वर्षें झालीं होतीं. बिशपांची श्रेणी पुनः स्थापन होण्यास, म्हणजे १८५० सालास, अजून तीन वर्षें अवकाश होता. लिव्हरपुलांतील धर्मगुरु थोडे, आणि आलेले लोक बहुतेक सर्व आपल्याच पंथाचे. २ मार्च रोजीं संत अँथनी चर्चचे फादर पीटर नाइटिंगेल वारले. २८ एप्रिल रोजीं संत पॅट्रिक चर्चचे फादर विल्यम पार्कर गेले, आणि १ मे रोजीं संत जोसेफ चर्चचे डॉ. थॉमस केली. मे महिना संपतां संपतां दोन बेनेडिक्टाइन साधु पडले: २६ तारखेस संत पीटर चर्चचे फादर जेम्स ॲपलटन आणि ३१ तारखेस संत मेरी चर्चचे फादर जॉन ऑस्टिन गिल्बर्ट. जून उजाडला, आतां तरी हवा निवळावी. १६ जून रोजीं संत पॅट्रिक चर्चचे फादर रिचर्ड ग्रेस्टन, २३ रोजीं त्याच चर्चचे फादर जेम्स हॅगर आणि २८ रोजीं संत मेरी चर्चचे फादर विल्यम व्हिन्सेंट डेल. त्यानंतर २२ ऑगस्ट रोजीं संत निकोलस चर्चचे फादर रॉबर्ट गिलो, आणि २८ सप्टेंबर रोजीं संत जोसेफ चर्चचे फादर जॉन व्हिटेकर. एकूण दहा. त्यांपैकीं सहाजण मे-जून या दोन महिन्यांत, म्हणजे पंचांगाप्रमाणें ज्वर उतरणीस लागावयाच्या दिवसांत गेले. एकट्या संत पॅट्रिक चर्चनें तीन धर्मगुरु गमावले. त्या चर्चपुढें या दहा जणांचें स्मारक म्हणून एक क्रूस उभा केलेला आहे.

दहाहि जण पन्नाशीच्या आंतले होते. प्रस्तुत लेखकानें पन्नाशी ओलांडली आहे. ही यादी वाचतांना त्यास आपल्या वयाचा संकोच वाटल्यावांचून राहत नाहीं.

मरण केवळ आपल्याच पंथाच्या वांट्यास आलें असें नाहीं, हेंहि न्यायानें सांगितलें पाहिजे. गरिबांमध्यें काम करणारे युनिटेरियन पंथाचे पाळक जॉन जॉन्स हेहि त्याच जून महिन्यांत ज्वरानेंच वारले. लीड्स शहरांत आपले पांच धर्मगुरु त्याच वर्षीं मेले. आणि उत्तर इंग्लंडाचे व्हिकर अपोस्टोलिक बिशप विल्यम रिडेल २ नोव्हेंबर रोजीं, मृतांच्या स्मरणदिनींच, न्यूकॅसल येथें त्याच ज्वराचे बळी झाले.

आतां प्रश्न असा कीं, धर्मगुरूच इतके कां मेले? त्यांस कपडे होते, अन्न होतें, राहण्यास बरी जागा होती. याचें उत्तर त्या काळीं कोणास ठाऊक नव्हतें. १९०९ सालीं ट्युनिस येथें शार्ल निकोल या फ्रेंच शास्त्रज्ञानें सिद्ध केलें कीं, टायफसचें विष कपड्यांत राहणाऱ्या उवेच्या द्वारें एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातें. हें कळल्यावर दोन्ही कोडीं सुटतात. थंडींत ज्वर कां वाढतो? थंडी रोग आणीत नाहीं. थंडीमुळें माणसें अधिक कपडे घालतात, ते काढीत नाहींत, धूत नाहींत आणि एकमेकांस चिकटून निजतात, म्हणून. आणि धर्मगुरु कां मेले? मरणाऱ्याचें पापनिवेदन ऐकावयाचें तर आपला कान त्याच्या ओठांपाशीं न्यावा लागतो. अंधाऱ्या तळघरांत गुडघे टेकून, कधीं त्याच गवताच्या बिछान्यावर बसून, त्याच्या कपाळास व हातांस पवित्र तेल लावावें लागतें. दुरून देतां येईल असा हा संस्कारच नव्हे. दिवसांतून किती तळघरें, याची गणना त्यांनीं ठेवली नाहीं.

लिव्हरपूलचे आरोग्याधिकारी डॉ. विल्यम हेन्री डंकन यांस उवेचें ज्ञान नव्हतें. ते १ जानेवारी १८४७ रोजीं कामावर रुजू झाले. शहराचा आरोग्याधिकारी म्हणून नेमलेला ब्रिटनमधील हा पहिला मनुष्य, आणि त्याच्या वांट्यास पहिलेंच वर्ष असें आलें. ज्वर घाणीच्या दुर्गंधीपासून उत्पन्न होतो, असें त्यांचें मत होतें, आणि तें चुकीचें होतें. आयरिश लोकांच्या सवयींस ते जो दोष देत तोहि कांहीं अंशीं अन्यायाचा होता. ज्यास पाणीच मिळत नाहीं त्यानें स्वच्छ कसें राहावें? परंतु एका बाबतींत त्यांचा रोख बरोबर होता. त्यांनीं आभाळाकडे बोट दाखविलें नाहीं. कोर्टांकडे आणि तळघरांकडे दाखविलें. शहराचे इंजिनियर जेम्स न्यूलंड्स यांच्या योजनेनें १८४८ पासून सबंध शहराखालीं गटारें बांधण्यास आरंभ झाला.

डंकनप्रमाणेंच, खरें कारण न जाणतां खरा उपाय करणारी आणखी एक व्यक्ति त्याच शहरांत होती. किटी विल्किन्सन ही मूळची आयर्लंडांतील डेरीची गरीब बाई. १८३२ मध्यें पटकीची साथ आली तेव्हां तिच्या घरीं पाणी तापविण्याची मोठी कढई होती. आजाऱ्यांचे कपडे आणि अंथरुणें माझ्याकडे आणून उकळून घ्या, असें तिनें शेजाऱ्यांस सांगितलें. त्याच कल्पनेवरून १८४२ सालीं फ्रेडरिक स्ट्रीटवर सार्वजनिक धुण्याचें घर उघडलें, आणि पुढें त्याची व्यवस्था तिच्याचकडे आली. उकळत्या पाण्यांत कपडे घालणें, हाच टायफसवरील सर्वांत चांगला उपाय होता. विद्वान वाद घालीत होते तेव्हां एक गरीब बाई कपडे धूत होती.

कष्टाची गोष्ट ही कीं, साथ आली म्हणजे कारण शोधण्यापेक्षां अपराधी शोधणें माणसास सोपें वाटतें. लिव्हरपुलांत बोट आयरिश निराश्रितांकडे गेलें. १८४७ मध्येंच नवा कायदा करून सुमारें पंधरा हजार माणसें पुन्हां बोटींत घालून आयर्लंडला परत पाठविण्यांत आलीं. तीं ज्या दुष्काळांतून पळालीं होतीं त्याच दुष्काळांत तीं परत गेलीं.

पुढील हकीकत थोडक्यांत सांगतों. १८४९ मध्यें पटकीनें लिव्हरपुलांत पुनः पांच हजारांहून अधिक माणसें नेलीं. ती साथ ऐन ऑगस्टांत शिखरास पोंचली. टायफसहि एकदम गेला नाहीं. कामगृहाच्या रुग्णालयांत शिकलेल्या परिचारिकांची परंपरा घालून देणारी ॲग्नेस जोन्स ही १८६८ च्या फेब्रुवारींत त्याच ज्वरानें वारली. ऋतु थंडीचा आणि वय पस्तीस. परंतु गटारें पुरीं होत गेलीं, १८५७ पासून रिव्हिंग्टनच्या तलावांचें पाणी शहरांत खेळूं लागलें, तळघरें हळूहळू बंद झालीं, आणि शतकाच्या अखेरीस टायफस जवळजवळ नाहींसा झाला. उन्हाळ्यांतील बालकांच्या हगवणीविषयीं डॉ. एडवर्ड बॅलर्ड यांनीं १८८९ मध्यें एक चमत्कारिक नियम दाखविला. जमिनीखालीं चार फुटांवरची उष्णता ५६ अंश फॅरनहाइटवर गेली म्हणजे बालमृत्यु झपाट्यानें वाढूं लागत. तरीहि १८९९ मध्यें सेंट हेलेन्स येथें आणि १९०१ मध्यें लिव्हरपुलांत बालकांसाठीं निर्जंतुक दुधाचीं केंद्रें निघालीं, तीं जमिनीची उष्णता कमी करून नव्हे. दूध शुद्ध करून मुलें वांचविण्यासाठीं. उन्हाळा तोच राहिला. मर्सीवरचा वाराहि तोच राहिला. बदललें तें माणसाचें करणें.

ही परदेशची गोष्ट म्हणून बाजूस ठेवण्यासारखी नाहीं. व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या शेवटीं मुंबईत प्लेग आला. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत तो प्रथम ओळखला तो आपल्याच गोमंतकाच्या एका सुपुत्रानें, डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनीं. त्या प्लेगलाहि पंचांग होतें; थंडींत वाढे, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास शिखर गांठी, पावसाळ्याच्या तोंडीं उतरे. लोक म्हणत, हवेंत विष आहे. १८९८ मध्यें पॉल-लुई सिमाँ यांनीं दाखविलें कीं, विष हवेंत नसून उंदराच्या पिसवेंत आहे. आणि उंदीर सर्वांत अधिक तेथें, जेथें धान्याचीं कोठारें आणि माणसांची दाटी एका छपराखालीं. मुंबईच्या जुन्या गावठाणांतून प्लेगच्या दिवसांत उभारलेले क्रूस आजहि दिसतात. त्यांपुढें मेणबत्ती लावतांना ज्यांनीं ते उभारले त्यांचें भय आपण स्मरावें, आणि त्या भयाचें कारण काय होतें हेंहि स्मरावें.

मृतांच्या वहीकडे आतां पुन्हां वळतों. त्या वहींत महिना लिहिलेला असतो. महिना ऋतूनें नेमलेला असतो, त्यावर आपला अधिकार नाहीं. पण त्याच महिन्यांत शेजारच्या पक्क्या घरांतलें मूल वांचलें आणि ओल्या जमिनीवरच्या झोंपडींतलें गेलें, हा भेद ऋतूनें केलेला नाहीं. सरे आणि लिव्हरपूल यांतला एकोणीस वर्षांचा फरक आभाळांतून पडला नव्हता. तो परमेश्वराच्या माथीं मारणें ही श्रद्धा नव्हे. आपल्या निष्काळजीपणास दिलेलें तें एक पवित्र नांव आहे. आजहि पावसाळा आला म्हणजे मलेरिया, डेंग्यू, कावीळ यांची नांवें ऐकूं येतात, आणि आजहि आपण म्हणतों, "हवाच वाईट आहे." पुढच्या वेळीं असें म्हणण्यापूर्वीं आपल्या वाडीची विहीर, गटार, सांचलेलें पाणी आणि भाड्यानें राहणाऱ्या परप्रांतीय मजुराची खोली एकदां पाहून यावी.

लिव्हरपूलच्या त्या दहा जणांनीं हवा बदलली नाहीं, रोगाचें कारण शोधलें नाहीं, एकहि रोगी बरा केला नाहीं. ज्या तळघरांत दुसरे कोणी उतरत नव्हते तेथें ते उतरले, एवढेंच. येत्या सर्व मृतांच्या स्मरणदिनीं आपल्या कबरस्तानांत मेणबत्त्या लावतांना एक त्यांच्यासाठींहि लावावी, आणि त्यांच्याबरोबर त्याच तळघरांत मेलेल्या, ज्यांचीं नांवें कोणत्याहि क्रुसावर नाहींत, त्या हजारोंसाठींहि.